मिरजगावची अठरा मिनिटं

केडगावच्या शांतवन ओहोळचं बारसं ज्या पाळकसाहेबांनी केलं, ते फार भाबडे असले पाहिजेत. शांतवन म्हणजे दिलासा. या माणसाने आयुष्यात कुणाला दिलासा दिल्याचं ऐकिवात नाही आणि स्वतःच्या मनाला तर अजिबातच नाही. डूख धरायचा तर नागाने याच्याकडे शिकवणी लावावी. लहानपणी कुणी गोटी ढापली, शाळेत कुणी पाटी फोडली, कुणाच्या लग्नात पंगतीला शेवटी बसवलं, सगळं याच्या डोक्यात तारीखवार पडून असे. एरवी माणूस सरळ. दारू नाही, तंबाखू नाही. पहाटे बेकरीतून पाव, खारी आणि टोस्ट भरून घ्यायचे, पत्र्याची भलीमोठी पेटी कॅरिअरला आवळायची आणि अकोळनेर, सारोळा, भोरवाडी अशी गावं करत दुपारी घरी यायचं. वीस वर्षं हेच चाललं होतं. मांड्या लोखंडाच्या झाल्या होत्या आणि गुडघे मात्र कामातून गेले होते. रात्री बायको, दया, ते तेल लावून चोळून द्यायची.

अशा माणसाची कुरापत काढू नये, एवढी अक्कल गोरक्षनाथाला असायला हवी होती, कारण तो याचा पहिलीपासूनचा मित्र. गोरखचं केडगावात रेडिओ दुरुस्तीचं आणि बॅटऱ्यांचं दुकान होतं. हात कसबी आणि जीभ त्याहून कसबी. चारचौघांत कुणाची तरी टोपी उडवल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे.

दोघांनाही सायकलचं वेड. आणि हे वेड वाढवायला गावात सुभेदार पुंजाराम होते. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, पांढऱ्या मिशांचे. गावातली पोरं-माणसं कट्ट्यावर बसून कुजताहेत असं त्यांचं मत पडलं आणि ब्याण्णव साली त्यांनी सायकलची चाल, म्हणजे लांब पल्ल्याची शर्यत, काढली. केडगावहून श्रीगोंदा, तिथून कर्जत, मग मिरजगाव आणि परत केडगाव, पावणेदोनशे किलोमीटरच्या वर. दुपारी निघायचं आणि रात्रभर चालवायचं. फौजेत माणसाची पारख रात्रीच होते, असं सुभेदार म्हणत.

नियमही फौजीच होते. साधी सायकल, गिअर चालणार नाही. निघताना जे अंगावर आणि सायकलवर असेल तेवढंच आपलं. वाटेत कुणाकडून काही घ्यायचं नाही, विकतसुद्धा नाही. नाक्यावर फक्त पाणी मिळेल. आणि दिवा. अंधार पडल्यापासून हँडलला पेटता दिवा पाहिजे, आणि नाक्यावर सायकल उभी असली तरी तो पेटलेला दिसला पाहिजे. ज्याचा विझला तो तिथल्या तिथे बाद. या एका कलमाने डायनॅमोवाले सगळे आडवे झाले, कारण चाक थांबलं की डायनॅमोही गप्प. मग हातातली बॅटरी ट्यूबच्या रबराने हँडलला बांधायची आणि सेल पुरवून वापरायचे, एवढाच मार्ग राहिला. सेल जास्त घ्यावेत तर ओझं, कमी घ्यावेत तर अंधार.

सेलांच्या बाबतीत आपल्याकडे एक खोड घरोघर आहे. रेडिओतले सेल संपले की ते कुणी टाकत नाही. पत्र्यावर, खिडकीत, उन्हात ठेवायचे. तापले की मेलेला सेल उठून बसतो आणि रेडिओ पुन्हा बोलायला लागतो. दोन गाणी होतात, बातम्या अर्ध्या होतात आणि मग जो बसतो तो बसतोच. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण दुकानातून, मित्राच्या हातून घेतलेले सेल उन्हातून उठवलेले असतील, असं कुणाच्या मनात येईल? शांतवनच्याही आलं नाही.

त्या पहिल्या चालीला निघताना गोरखने त्याला चार सेल काढून दिले. दिवा लखलखीत लागला. सुभेदारांनी मान डोलावली. पहिली जोडी श्रीगोंद्याच्या पुढे बसली, दुसरी कर्जत सोडून दोन कोसांवर. अमावस्येच्या आसपासचे दिवस, गळिताचा हंगाम, आणि मागे-पुढे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. एक ट्रॉली शांतवनच्या खांद्याला चाटून गेली. तो सायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत पडला आणि किती तरी वेळ तिथेच बसून राहिला. तेवढ्यात गोरख आला. त्याने दिवा याच्या तोंडावर मारला, हसला आणि न थांबता निघून गेला. शांतवन सायकल ढकलत मिरजगावच्या नाक्यावर पोचला आणि बाद झाला.

तेही त्याने गिळलं असतं कदाचित. पण गोरख पहिला आला आणि बक्षीस घेताना त्याच्या हातात माईक पडला. तो म्हणाला, "शांतवनला मी उन्हात वाळवलेले सेल दिल्ते. मला वाटलं, पाववाल्याला ताजं-शिळं तरी कळत आसंल."

मंडप हसून लोळला. सुभेदारांनाही ती थट्टाच वाटली. खरंच असं कुणी करत असेल, हे त्यांच्या फौजी डोक्यात शिरलं नाही. दुसऱ्या दिवसापासून शांतवनचं नाव आमुशा पडलं. आमुशा म्हणजे अमावस्या. सारोळ्याच्या वेशीत पेटीचं झाकण वाजलं की बाया आत हाक द्यायच्या, "आमुशा आली गं, पाव घे." वीस वर्षं ज्या दारांत त्याने उन्हापावसात पाव पोचवला, त्या दारांत हे ऐकायचं. तो दात-ओठ खायचा आणि सुटे पैसे परत द्यायचा. गोरखशी त्याने त्या दिवसापासून एक शब्द काढला नाही.

पुढची दोन वर्षं चाल झाली नाही, कारण सुभेदारांना अर्धांगाचा झटका आला होता. शांतवनला ती दोन वर्षं देवाने दिल्यासारखी वाटली. तो तयारीला लागला. बेकरीच्या तराजूवर त्याने सायकलचा एकेक भाग तोलला आणि जे गेलं तरी चाक फिरतं ते सगळं काढून ठेवलं. स्टँड, घंटी, मडगार्ड, चेनकव्हर, शेवटी कॅरिअरसुद्धा. चालीसाठी त्याने वेगळा शर्ट ठरवला, त्याची कॉलर दयाने कापून दिली. जुन्या छत्रीच्या कापडाची कमरेला बांधायची अरुंद पिशवीही तिनेच शिवली. तिच्यात पंक्चरचं सामान, एक पाना, कापसात गुंडाळलेला एक जादा बल्ब, गूळ-शेंगदाण्याचे सहा लाडू आणि चार सेल. पिशवी सगळी मिळून सव्वा किलो भरली. जन्मभर पेटी ओढलेल्या माणसाला ती अंगावर असल्यासारखीच वाटेना.

खरा अभ्यास सेलांचा होता. घरात भिंतीकडे तोंड करून बॅटरी पेटवून ठेवायची आणि समोर घड्याळ घेऊन बसायचं. त्यातून त्याला कळलं की सेल बैलासारखा असतो. एकच जोडी सलग जुंपली की मध्यरात्रीच्या आत बसते, दुसरीही पहाटेपर्यंत पोचत नाही. पण तासातासाने जोडी बदलली आणि दमलेली जोडी पोटाशी उबेला बांधली, तर चार सेल पहाट दाखवतात. बल्ब मिणमिणता घ्यायचा. रस्ता दिसला की झालं, आरतीला उभं राहायचं नाही. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब क्षमेवर बोलायचे आणि हा वरच्या ट्यूबलाइटकडे बघत विचार करायचा की थंडीत सेल किती मिनिटं आधी बसेल.

दयाला हे सगळं दिसत होतं. ती बोलून काही उपयोग नाही म्हणून बोलत नव्हती. पण पंचाण्णवच्या डिसेंबरात पुन्हा चाल ठरली आणि नगरच्या कुणा व्यापाऱ्याने पहिलं बक्षीस म्हणून मोपेड जाहीर केली, तेव्हा ती स्वतः मंडपात जाऊन आली. झेंडूचा हार घालून ती निळी मोपेड एका टेबलावर चढवली होती. दयाने सीटवरून हात फिरवला. घरी येऊन तिने नवऱ्याला समोर बसवलं.

"गोरखला हरवा न्हाईतर नका हरवू," ती म्हणाली. "मला ती गाडी पायजे. आजून पाच वर्सं तुमी ही पेटी वडली तर तुमाला संडासला बसता यायचं न्हाई. समजलं का?"

शांतवन म्हणाला, समजलं. आणि त्या वेळी त्याला खरंच समजलं होतं. गाडी मिळवली की गोरख आपोआपच हरणार, एका दगडात दोन पक्षी, असा त्याचा हिशोब होता.

चालीच्या दिवशी गोरख आला तो नुसत्या हाताने. कमरेला पिशवी नाही, काही नाही. हँडलला तीन सेलांची झगझगीत बॅटरी आणि खिशात थोडे खजूर. शांतवनला आश्चर्य वाटलं. तीन सेलांवर एवढा मोठा बल्ब रात्र कशी काढणार? गोरखने सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं की आमुशाबाई आज तरी पुनव दाखवणार का, आणि लोक हसले. शांतवनने पायातल्या कॅनव्हासच्या बुटाची नाडी पुन्हा बांधली.

श्रीगोंद्यापर्यंत उजेड होता, मग संधिप्रकाश. कारखान्यांच्या मळीचा वास हवेत भरला होता आणि ट्रॉल्यांची रांग लागली होती. चौतीस जणांपैकी पुढे सातआठच राहिले. श्रीगोंद्याचा नाका सोडला तेव्हा शांतवनच्या ध्यानात आलं की मागून एका चेनचा आवाज येतोय आणि उजेड मात्र येत नाही. वळून पाहिलं तर गोरख. दिवा बंद करून तो याच्या मागच्या चाकाला चिकटला होता आणि याच्या उजेडात सायकल हाणत होता. शांतवनने वेग वाढवला, गोरखनेही वाढवला. कमी केला, त्यानेही कमी केला. म्हणजे ओझं कमी करायची गोरखची रीत ही होती. स्वतःचं ओझं घरी ठेवायचं आणि दुसऱ्याने वाहिलेलं वापरायचं. पण कर्जतच्या नाक्यावर त्याचा दिवा लखलखत होता, आणि शांतवनला ते कोडं उलगडेना.

ते उलगडलं मिरजगावच्या अलीकडे. रात्रीचे अकरा वाजत आले होते. जोडी बदलायची वेळ झाली म्हणून शांतवन एका बाभळीखाली थांबला. पोटाशी बांधलेले उबदार सेल काढून बॅटरीत घातले, थंड झालेले पोटाशी बांधले. मागे चेनचा आवाज नव्हता; हा थांबताच गोरख अंधारातून पुढे सटकला होता. रस्त्याच्या कडेला ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्या होत्या, पुढे शेकोटी होती, आणि शेकोटीपाशी तो उकिडवा बसला होता. फडक्यात तीन सेल गुंडाळून तो ते विस्तवाच्या कडेला असे प्रेमाने फिरवत होता की आई बाळाला शेक देते म्हणावं.

शांतवन तिथे उभ्या उभ्या तापला. तीच युक्ती. ज्या युक्तीने त्याला ट्रॉलीखाली घातलं होतं, जिच्यावर मंडप हसवला होता, तीच युक्ती हा बाबा नाक्यानाक्यावर सुभेदारांच्या माणसांच्या डोळ्यांदेखत चालवत होता. शेकलेला सेल दहा मिनिटं उजेड देतो आणि नाक्यावर थांबायला दोन मिनिटं लागतात. पुढे आमुशाचा दिवा आहेच रस्ता दाखवायला. आणि केडगावची वेस आली की ताज्या पायांनी झेप घ्यायची, मोपेड घेऊन घरी.

त्याच्यापुढे तीन वाटा होत्या. जीव खाऊन पुढे निघून जावं आणि गोरखला अंधारात सोडावं. पण मागून बेलापूरचा प्रशांत नावाचा पोरगेला शिक्षक येत होता, गोरख त्याच्या चाकाला चिकटला असता. सुभेदारांकडे तक्रार करावी; पण पुरावा काय? दिवा तर पेटलेला असणार. लोक म्हणाले असते, आमुशा रडली. तिसरी वाट त्याला नाक्याचा पेट्रोमॅक्स दिसायला लागला तेव्हा सुचली, आणि ती सुचल्यावर त्याला इतका आनंद झाला की गुडघ्यांचं दुखणं क्षणभर थांबलं.

दोघे बरोबरच नाक्यावर पोचले. मिरजगावच्या नाक्याला खुद्द सुभेदार घोंगडी पांघरून बसले होते. दोघांचे दिवे पाहून त्यांनी कार्डांवर सह्या केल्या. गोरखची बॅटरी तर शांतवनच्या दुप्पट उजेड टाकत होती. दोघे पुढे आहेत, असं सुभेदार म्हणाले. तिसरा दहा-बारा मिनिटं मागे. गोरखने सायकल वळवली आणि तो थांबला. त्याला थांबणं भाग होतं, कारण रस्ता दाखवणारा दिवा अजून हलला नव्हता.

शांतवनने सायकल भिंतीला टेकवली. पाणी घेतलं आणि अगदी सावकाश, एकेक घोट प्यायला. मग तो सुभेदारांच्या समोरच्या दगडावर बसला आणि त्याने अत्यंत आदराने विचारलं की साहेब, आपल्याला तो झटका आला, तेव्हा नक्की काय झालं होतं?

साऱ्या केडगावात हा प्रश्न विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण उत्तराला अंत नसे. सुभेदारांचा चेहरा उजळला. त्यांनी सुरुवात केली ती झटक्यापासून नाही, तर जैसलमेरच्या वाळूत एकाहत्तर साली त्यांना ऊन लागलं होतं तिथपासून. शांतवन गालाला हात लावून ऐकत होता. मध्येमध्ये "आरारा" म्हणत होता, "मंग?" विचारत होता. गोरखला घाई झाली. सुभेदारांना ऐकू जाईल म्हणून तो जपून बोलला.

"शांतवनराव, चलायचं ना?"

तीन वर्षांत शांतवन त्याच्याशी पहिल्यांदा बोलला. "तू हो की फुडं. तुझा दिवा तर माज्यापरीस लई मोठा हाय."

गोरख पुढे झाला नाही. पुढे नुसता काळोख होता आणि तो त्याला चांगला माहीत होता. त्याने हँडलवरची बॅटरी तळहातांनी झाकून धरली. लोकांना वाटलं असेल थंडी वाजतेय, पण तो सेलांना ऊब देत होता. सुभेदार पुण्याच्या लष्करी इस्पितळात पोचले तेव्हा उजेड पांढऱ्याचा पिवळा झाला. डॉक्टरांनी पायाला टाचणी टोचली तेव्हा तांबूस झाला. शांतवनचं अर्धं ध्यान गोष्टीवर आणि सगळं ध्यान त्या काचेवर होतं.

तेवढ्यात प्रशांत आला. पाणी तोंडावर मारलं, कार्ड पुढे केलं, सही घेतली आणि निघाला. गोरखने मान वळवून त्या जाणाऱ्या दिव्याकडे पाहिलं. तो उठून त्याच्यामागे गेला असता, पण पेडलवर पाय टाकताच सुभेदारांची नजर त्याच्या दिव्याकडे वळली असती, आणि आता त्याचा दिवा नजरेला दाखवण्यासारखा राहिला नव्हता. तो बॅटरीवर वाकून तसाच बसला.

शांतवननेही तो दिवा जाताना पाहिला. त्याला नीट कळलं की ती निळी मोपेड चालली आहे. दयाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आत्ता उठलो तर गाठतो, हेही त्याला कळलं. पोरगं दमलेलं होतं, रस्ता चढाचा होता आणि चढ शांतवनच्या पायांचा होता. त्याने गोरखच्या दिव्याकडे पाहिलं. विडीच्या टोकाएवढा लाल ठिपका उरला होता. तो उठला नाही. त्याने विचारलं, "आन् मंग साहेब, हात कधी हलाय लागला?"

हात कधी हलायला लागला ते कुणालाच कळलं नाही, कारण गोरखच्या हँडलवरचा ठिपका गेला. सुभेदार बोलता बोलता थांबले. त्यांनी गोरखला बॅटरी उघडायला लावली, सेल हातात घेतले, नाकाशी नेले. सेलांना धुराचा वास होता आणि एकाच्या कागदाला करपल्याचा डाग. म्हाताऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तीन वर्षांपूर्वीची माईकवरची थट्टा त्यांना त्या क्षणी कळली असावी.

"बाद," ते म्हणाले. "आन् सायकल ढकलत जायचं. माजी जीप न्यायची न्हाई."

शांतवनने घड्याळ पाहिलं. अठरा मिनिटं झाली होती. त्याने सायकल घेतली, पेडलवर पाय ठेवला आणि गोरखच्या तोंडावर दिवा मारला. तो हसला नाही. एवढंच एक त्याने तीन वर्षं वेगळं ठरवून ठेवलं होतं आणि ते त्याला जमलं.

तिथून पुढचे पन्नास किलोमीटर तो माणूस कसा आला, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. ओरडत आला, गात आला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं तरी "बाद! बाद!" असं म्हणत आला. गुडघ्यांत सुया टोचत होत्या आणि त्याला त्यांचं काही वाटत नव्हतं. केडगावच्या मंडपात पोचला तेव्हा प्रशांतच्या गळ्यात हार पडला होता. शांतवन दुसरा. चार मिनिटांनी.

दया शाल पांघरून मंडपाच्या खांबाशी उभी होती. रात्रभर घरी गेली नव्हती. शांतवनने सायकल टाकली आणि तिला सांगितलं, गोरख बाद झाला. तिने विचारलं, मोपेड? त्याने पुन्हा तेच सांगितलं, गोरख बाद झाला, सगळ्यांसमोर, दिवा विझून. तिने डोळे मिटले आणि उघडले. मग म्हणाली, जाऊ द्या, हातपाय धड आलात ना. चढ होता, पोरगं तरणं होतं, तुम्ही काय कमी केलंत? तिच्या आवाजात राग नव्हता. शांतवनला वाटलं, चला, निभावलं.

पहाटे मिरजगावहून सुभेदारांची जीप आली. म्हातारा दोन माणसांच्या आधाराने उतरला तो सरळ दयाकडे आला. माणूस म्हणजे सोनं आहे तुमचे मालक, असं त्याने सगळ्यांदेखत सांगितलं. एवढी शर्यत चाललेली, पण माझ्यापाशी शांतपणे बसले, माझ्या आजारपणाची विचारपूस केली. एक पाऊण घटका तरी बसले असतील. आजकाल कोण बसतं, बाई?

दया सुभेदारांच्या पाया पडली. पाऊण घटका म्हणजे अठरा मिनिटं, आणि मोपेड गेली ती चार मिनिटांनी. एवढी वजाबाकी करायला तिला वेळ लागला नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि शांतवनला पहिल्यांदाच थंडी वाजली.

सकाळी चहाच्या टपरीवर सगळं केडगाव गोरखला शेकोटी म्हणायला लागलं होतं. सारोळ्यातही ते दोन दिवसांत पोचणार होतं. शांतवनच्या कानावर ते घरी जाताना पडलं आणि त्याला वाटलं होतं तेवढं गोड लागलं नाही. दया पुढे चालत होती. घराच्या दारात ती थांबली, वळली आणि अगदी सावकाश, एकेक शब्द मोजून बोलली.

"गोरखचं तुमी तीन वर्सं इसरला न्हाई. माजं मी किती वर्सं इसरत न्हाई, त्ये आता बगा."

आणि ती आत गेली.